सोसणे आणि दाद मागणे



जुन्नर तालुक्यात आळे गावी रेड्याची समाधी आहे, हे वारकऱ्यांस सांगावयास नको. पैठणास ज्याच्या मुखातून वेद वदविले तो रेडा माउलींबरोबर निघाला, आणि आळंदीच्या वाटेवर आळ्याच्या भूमीत त्याने देह ठेवला. भावंडांनी त्याला तेथे समाधी दिली, अशी आपली परंपरा आहे. आमच्या दोन्ही तालुक्यांतील दिंड्या तेथे माथा टेकतात. आम्हीही लहानपणापासून टेकीत आलो.

ह्या कथेतला वेदांचा चमत्कार सर्वांच्या ध्यानात राहतो. त्याच्या आधीचा एक प्रसंग मात्र आम्ही कीर्तनकार मंडळी घाईने उरकतो. सभेत कोणी टोचून बोलले की, तुझे नाव ज्ञाना आणि ह्या पखालीच्या रेड्याचेही नाव ज्ञाना, मग दोघांत काय भेद? माउली म्हणाले, काहीच भेद नाही. तेव्हा परीक्षा पाहावी म्हणून रेड्याच्या पाठीवर आसूड ओढले, आणि वळ उमटले ते माउलींच्या पाठीवर. आधी वळ, मग वेद. मुक्या जीवाच्या मुखी वेद आले ते नंतर. आधी त्याच्या पाठीचे दुःख कोणी तरी आपल्या पाठीवर घेतले. हा क्रम आम्हांस इतकी वर्षे कीर्तन करूनही कळला नव्हता. तो कसा कळला, ते सांगितल्यावाचून पुढचे लिहिता येणार नाही.

काही वर्षांमागची गोष्ट. आषाढीची वाट होती. आंबेगाव तालुक्याच्या डोंगराकडची एक बाई दिंडीत आमच्या मागे दोन मुक्काम चालत होती. बोलायचे आहे, पण धीर होत नाही, असे तिच्या तोंडावरून दिसत होते. शेवटी विसाव्याच्या ठिकाणी ती जवळ आली. तिचा मुलगा बांधावरच्या मारामारीत धरला गेला होता. खटला उभा राहिला नव्हता, जामीन झाला नव्हता, आणि तो आत होता. ती मुलाखतीला गेली तेव्हा त्याने जाळीच्या पलीकडून पाठ वळवून सदरा वर केला आणि लगेच खाली सोडला. बाई म्हणाली, "पाठीवर वळ व्हते म्हाराज. पर तुमी कुनाला बोलू नका. बोललं का त्येच्यावरच येतंय."

आम्ही काय केले? आम्ही तिला प्रारब्धाचा सिद्धांत सांगितला. भोग भोगूनच सरतात, नाम घे, मुलालाही नाम घ्यायला सांग, सोसले म्हणजे देव पाहतो, असे पुष्कळ गोड बोललो. बाईने पायांवर डोके ठेवले. आम्हांला बरे वाटले. खोटे कशाला सांगावे?

पुढे अकरा महिन्यांनी तो मुलगा जामिनावर सुटून आला. आमच्या भागात हरिनाम सप्ताह चालू होता; काल्याच्या दिवशी मंडपाच्या अगदी मागे तो उभा होता. कीर्तन झाल्यावर आम्ही त्याला हाक मारली. नमस्कार करून तो म्हणाला, "महाराज, तुम्ही आईला सोसायला सांगितलंत. मी सोसतच होतो. ते मला सांगायला कोणी लागत नव्हतं." आवाजात राग नव्हता, म्हणूनच ते आम्हांस लागले. मग आम्ही विचारले, आत तक्रार करण्याची काही सोय नव्हती काय? तो हसला. "पेटी होती ना. भिंतीला लावलेली. पण पेटीपुढं पहाऱ्याला तोच उभा असायचा. कागद मागायचा तोही त्याच्याकडूनच."

तो तुरुंग कोणता, हे आम्ही येथे लिहीत नाही. मुलाने नको म्हटले.

त्या दिवसापासून आम्ही हा प्रश्न मनाशी घोळवीत आहो: सोसणे हा धर्म आहे, हे खरे. संतांनी सोसले. पण दुसऱ्याला 'सोस' म्हणून सांगण्याचा अधिकार आम्हांस कोणी दिला?

शास्त्रात तितिक्षा हे साधनसंपत्तीतले एक अंग सांगितले आहे. शम, दम, उपरति, तितिक्षा, श्रद्धा, समाधान. पाठशाळेत ही षट्संपत्ती आम्ही घोकली. परंतु गुरुजींनी त्याच वेळी सांगितलेली गोष्ट आम्ही विसरलो. ही सगळी साधकाने आपल्या ठायी आणावयाची संपत्ती आहे. दुसऱ्याच्या अंगावर लादावयाची ती वस्तू नव्हे. स्वतः उपवास करणे हे व्रत; दुसऱ्याच्या पुढचे ताट ओढून घेऊन त्याला 'आज तुझी एकादशी' म्हणणे ह्याला व्रत म्हणत नाहीत.

आता कोणी म्हणेल, बुवा, कर्माचा सिद्धांत मग टाकून द्यावयाचा की काय? मुळीच नाही. उलट ह्याच सिद्धांताच्या पोटातली एक कथा महाभारतात, आदिपर्वात आली आहे. मांडव्य ऋषींची. जाणत्यांना ती ठाऊक आहे, पण ती आज पुन्हा ऐकण्यासारखी आहे.

मांडव्य ऋषी हात वर करून मौनव्रताने तप करीत होते. चोर पळत आले आणि लुटीचा माल आश्रमात ठेवून तेथेच दडले. मागून राजाचे शिपाई आले. चोर कोणत्या वाटेने गेले म्हणून त्यांनी विचारले, तर ऋषींचे मौन. झडती घेतली, माल सापडला, चोरही सापडले. शिपायांना वाटले, हा त्यांतलाच. राजाने चौकशी न करता सर्वांना सुळावर चढविण्याची आज्ञा केली. चोर मेले, मांडव्य तपोबलाने सुळावरही जिवंत राहिले. रात्री दुसरे ऋषी पक्ष्यांचे रूप घेऊन तेथे आले आणि त्यांनी विचारले, बाबा रे, तू असे काय केलेस म्हणून तुला हे भोगावे लागते? मांडव्य म्हणाले, मी दोष कोणाला देऊ? इकडे सुळाच्या राखणदारांनी पाहिले की हा मरत नाही. त्यांनीच जाऊन राजाला कळविले. राजा धावत आला, त्याने क्षमा मागितली. सूळ उपटून निघेना म्हणून कापला. त्याचे टोक अंगात राहिले, म्हणून नाव पडले अणीमांडव्य.

ऋषींनी राजाला क्षमा केली. येथपर्यंत आम्ही कीर्तनात सांगतो आणि 'पाहा केवढी ही क्षमा' म्हणून टाळ वाजवितो. पण कथा येथे संपत नाही. मांडव्य तेथून उठले ते थेट यमधर्माच्या सभेत गेले आणि त्यांनी विचारले, कोणत्या पापाचे हे फळ? यमधर्म म्हणाला, लहानपणी तू पतंगाच्या शेपटीत काडी खुपसली होतीस, तिचे. मांडव्य म्हणाले, एवढ्याशा अपराधाला एवढा दंड! आणि तोही अजाण वयातला! त्यांनी यमधर्माला शाप दिला की तू मनुष्यलोकी दासीच्या पोटी जन्म घेशील. आणि मर्यादा घातली की चौदाव्या वर्षापर्यंत केलेल्या कृत्याचे पाप लागणार नाही.

सज्जनहो, येथे थोडे थांबावे. ज्याच्या पुढे मांडव्य उभे राहिले तो कोणी हवालदार नव्हता. तो साक्षात कर्माचा हिशेब ठेवणारा. त्याने हिशेबाचे खरे पान काढून दाखविले. पानात खोट नव्हती. तरीही मांडव्यांनी दंडाच्या मापाविषयी प्रश्न केला आणि तो प्रश्न मान्य झाला. कर्मसिद्धांत मोडला नाही, पण त्याचा नियम सुधारला. ज्या माणसाने राजाला क्षमा केली, त्यानेच यमाला जाब विचारला. एकाच हृदयात सोसणेही होते आणि दाद मागणेही होते. ती दोन्ही एकमेकांना अडत नव्हती. मारणाऱ्याच्या हाताविषयी द्वेष नाही, पण दंडाच्या रीतीविषयी प्रश्न आहे, असे हे आहे.

आणि शाप भोगावयाला आलेला यमधर्म म्हणजेच विदुर. द्यूतसभेत द्रौपदीने प्रश्न विचारला तेव्हा भीष्मद्रोणादि थोर थोर खाली मान घालून बसले होते. त्या वेळी विदुराने सभेला बजावले की, पीडित सभेत येऊन प्रश्न करतो आणि जाणता असून जो उत्तर देत नाही, त्याच्या वाट्याला असत्याच्या पापाचा अर्धा भाग येतो. एकदा ज्याला स्वतःच्या न्यायाविषयी जाब द्यावा लागला, तोच पुढे तक्रार करणाऱ्याच्या बाजूने उभा राहिला. व्यासांनी हे उगीच जुळविलेले नाही, असे आम्हांस वाटते.

ह्या कथेत आणखी एक बारीक गोष्ट आहे. राजाला बातमी दिली ती राखणदारांनी. म्हणजे पहाऱ्यावरचा माणूस वाईटच असतो असे नाही. पण राखणदाराला दया आली तर बातमी पोचावी, नाही तर पोचू नये, ह्यावर राज्य चालत नाही. म्हणून रात्री बाहेरून येऊन सुळावरच्या माणसाला 'काय झाले' म्हणून विचारणारे पक्षी लागतात.

आजच्या राज्यात हे पक्षी कोठे आहेत, ते आम्ही त्या मुलाच्या निमित्ताने एका ओळखीच्या वकिलांकडे बसून समजून घेतले. जे समजले ते वाचकांस सांगतो, कारण आपल्यापैकी कोणाच्या घरी ही वेळ येईल हे सांगता येत नाही. जुन्नर-आंबेगावचा माणूस कैदेत गेला म्हणजे बहुधा येरवड्याचीच वाट. त्या कारागृहात अलीकडच्या वर्षांत क्षमतेच्या दुपटीहून अधिक माणसे आहेत. आणि देशातल्या शंभर बंद्यांपैकी पंच्याहत्तरांच्या आसपास कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून शाबीत झालेला नाही असे.

तुरुंगाचा जुना कायदा इंग्रजी अमलातला, १८९४ सालचा. तुरुंगाला बाहेरच्या माणसांनी भेटी द्याव्या, कैद्यांचे म्हणणे ऐकावे, वहीत शेरा लिहावा, अशी सोय त्या वेळेपासून आहे. महाराष्ट्रात अभ्यागतांचे नियम १९६२ साली झाले. जिल्हा न्यायाधीश, जिल्हाधिकारी हे पदामुळे अभ्यागत; त्यांखेरीज सरकारी नोकरीत नसलेल्या नागरिकांनाही नेमता येते. अशासकीय अभ्यागत म्हणतात त्यांना. शब्द मोठा सुंदर आहे. अभ्यागत म्हणजे दारी आलेला अतिथी.

दुसरी गोष्ट पेटीची. दिल्लीच्या तिहार तुरुंगात सुनील बत्रा नावाचा कैदी होता. त्याला फाशीची शिक्षा झालेली. शेजारच्या एका कैद्याकडून पैसे उकळण्यासाठी वॉर्डरने त्याला अमानुष मारहाण केली, हे पाहून बत्राने सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना पत्र लिहिले. स्वतःसाठी नव्हे, शेजाऱ्यासाठी. न्यायालयाने त्या पत्रालाच अर्ज मानले, डॉ. चितळे आणि मुद्गल ह्या दोन वकिलांना तुरुंगात जाऊन कैद्याला भेटण्याचा, कागद पाहण्याचा अधिकार दिला. आणि २० डिसेंबर १९७९ रोजी निकाल दिला. त्यात सांगितले की, तुरुंगांत तक्रारपेट्या ठेवाव्या, त्यांपर्यंत प्रत्येक कैद्याला जाता यावे, आणि त्या जिल्हा दंडाधिकारी व सत्र न्यायाधीश ह्यांच्या ताब्यात असाव्या व त्यांनीच उघडवाव्या. मरणाच्या दारात बसलेल्या एका गुन्हेगाराने दुसऱ्याच्या पाठीवरचे वळ पाहून कागद लिहिला! आम्ही मोकळे होतो, आणि आम्ही प्रारब्ध सांगितले.

म्हणजे पेटीची किल्ली तुरुंगाच्या माणसाकडे असू नये, हा हुकूम चाळीसहून अधिक वर्षांचा जुना आहे. ह्यात न समजण्यासारखे काय आहे? आपल्या गावच्या देवळातली दानपेटी घ्या. ती उघडावयाची तर पंच जमतात, सर्वांदेखत कुलूप काढतात, सतरंजीवर नाणी ओतून मोजतात, वहीवर सह्या होतात. पुजारी कितीही सालस असो, एकट्याने पेटी उघडलेली गावाला चालत नाही. आणि शहाण्या पुजाऱ्यालाही ते नको असते. देवाच्या पैशाला जी काळजी, ती माणसाच्या किंकाळीला नको काय?

मुंबईचे एक उदाहरण. शीला बारसे ह्या पत्रकार बाई १९८२ च्या मे महिन्यात तुरुंगातील पंधरा कैदी स्त्रियांना भेटल्या. त्यांपैकी पाच जणींनी सांगितले की पोलीस कोठडीत आम्हांस मारले. बाईंनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. १९८३ साली निकाल झाला. स्त्रियांना वेगळ्या कोठडीत ठेवावे, पहारा स्त्रियांचा असावा, आणि मुंबईच्या सत्र न्यायालयाच्या न्यायाधीशाने अधूनमधून न कळविता कोठड्या पाहाव्या, असे ठरले. 'न कळविता' ह्या शब्दांत सगळे आहे. पाहुणा येणार हे आधी कळले म्हणजे घरात सडासंमार्जन होते, हे आपणांस ठाऊक आहेच.

तथापि नियम झाले म्हणजे भय गेले, असे नाही. २०१७ च्या जून महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात मंजुळा शेट्ये ही शिक्षा भोगणारी स्त्री मरण पावली. चांगल्या वर्तणुकीमुळे तिला वॉर्डरचे काम दिले होते; येरवड्याहून ती तेथे आली होती. सकाळच्या न्याहारीतली दोन अंडी आणि पाच पाव कमी भरले, त्यावरून तिला मारहाण झाली असा आरोप. तुरुंगातल्या सहा स्त्री कर्मचाऱ्यांना अटक झाली. दोष कोणाचा हे ठरविणे न्यायासनाचे काम. आम्ही त्यात पडत नाही. आम्ही पुढचे पाहतो. मंजुळेच्या मृत्यूनंतर आतल्या बायकांनी आरडाओरडा केला, आणि सुमारे दोनशे कैदी स्त्रियांवर दंगलीचा गुन्हा नोंदविला गेला. दंगल झाली असेलही. पण ज्यांना मारल्याचे सांगावयाचे आहे त्यांच्यापाशी ओरडण्यावाचून दुसरी वाट किती होती, हे कोणी विचारावयाचे? त्या डोंगराकडच्या बाईचे बोल आठवतात: बोललं का त्येच्यावरच येतंय.

कोठडीत मरण आले तर चौकशी न्यायदंडाधिकाऱ्याने करावी, असा कायदा २००६ पासून आहे. चांगले आहे. पण मेल्यावर स्वतंत्र माणूस येतो आणि जिवंतपणी पेटीपुढे तोच उभा असतो, ह्याला काय म्हणावे? मानवी हक्कांचा कायदा १९९३ चा, राज्याचा आयोग २००१ पासून. आयोगाला तुरुंग पाहण्याचा अधिकार आहे, कोणीही साध्या कागदावर अर्ज करू शकतो. मात्र आयोग शिफारस करतो, हुकूम करू शकत नाही.

विलायतेतही हेच दुःख होते. १९९० साली मँचेस्टरच्या स्ट्रेंजवेज तुरुंगात कैदी छपरावर चढून बसले, ते पंचवीस दिवसांनी उतरले. तेथल्या तुरुंगांतही बाहेरच्या नागरिकांची अभ्यागत मंडळे होती. परंतु तीच मंडळे कैद्यांना शिस्तभंगाची शिक्षाही देत. मग त्यांच्यापुढे मन कोण मोकळे करणार? १९९२ मध्ये शिक्षा देण्याचा अधिकार मंडळांकडून काढून घेतला, आणि १९९४ पासून कैद्यांच्या तक्रारींसाठी तुरुंगखात्याबाहेरचा वेगळा अधिकारी नेमला. ऐकणारा आणि मारणारा एक असू नये, एवढेच त्यांनी केले. परदेशी म्हणून ते टाकून देण्याचे कारण नाही.

येथे एक आक्षेप येतो, आणि तो आमच्याच फडातल्या एका वृद्ध विणेकऱ्याने घेतला. तो म्हणाला, "बुवा, आत बसलेले काय साधुसंत आहेत? निम्मे खोटं बोलतील." बोलतील. आम्ही म्हणतो, निम्म्याहून अधिकही बोलतील. पण म्हणूनच तिसरा माणूस हवा. खोटी तक्रार खोटी ठरविण्याचेही सामर्थ्य त्याच्याच शब्दाला आहे. ज्याच्यावर आळ आला त्या पहारेकऱ्याच्या स्वतःच्या 'मी नाही मारले' ह्या शब्दाला ते नाही. दुपटीने भरलेल्या बराकीवर रात्रभर उभा राहणारा तो गरीबही कोणाच्या तरी गावचा वारकरीच असतो. त्याची अब्रू वाचवावयाची तरी पंच लागतातच. चोखोबांवर देवाचा हार चोरल्याचा आळ आला तेव्हा आळ घेणारे तेच, न्याय करणारे तेच आणि बैलांना जुंपण्याचा हुकूम देणारेही तेच होते. तेथे देवाला यावे लागले. प्रत्येक वेळी देवाला तसदी द्यावी काय?

आता आमच्या स्वतःच्या जातीचे, म्हणजे कीर्तनकारांचे. तुरुंगांत भजन-कीर्तन नेहमी होते. २०२२ साली राज्यातल्या बंद्यांची भजन-अभंगांची स्पर्धाही झाली, आणि ते फार चांगले झाले. आम्हीही अशा ठिकाणी सेवा केली आहे. फाटकाशी अधिकारी हार घालतात, कचेरीत चहा होतो, आत तीनशे माणसे मांडी घालून बसलेली असतात, टाळ्या होतात, गजर होतो. आम्ही त्यांना सांगतो, मन शुद्ध करा. परत येताना पुन्हा चहा होतो. इतक्या वेळा गेलो. पण 'ही पेटी कोण उघडते हो?' असा एवढासा प्रश्न आम्ही एकदाही विचारला नाही. विचारला असता तर चहा बंद झाला असता असेही नाही. सुचलाच नाही. वेद शिकलो, न्यायशास्त्राचे चार ग्रंथ शिकलो, पण भिंतीवरची पेटी दिसली नाही.

मागल्या माघात तो मुलगा आणि आम्ही आळ्यास समाधीवर गेलो होतो. तो आता शेती पाहतो. खटला चालू आहे, तारखेला घोडेगावला जातो. त्याची आईही होती. तिने समाधीवर हात फिरविला, आणि आम्हांस विचारले, "म्हाराज, ह्येला आसूड मारनाऱ्याला कुनी इचारलं का न्हाई?" आम्ही पोथीत तसे काही नाही म्हणून सांगितले.

ह्या ज्येष्ठात आम्ही वकिलांच्या सांगण्यावरून माहितीच्या अधिकाराचा अर्ज केला आहे. दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावले. चार प्रश्न विचारले: तक्रारपेट्या किती आहेत, किल्ली कोणाकडे असते, मागल्या वर्षात त्या किती वेळा उघडल्या, आणि अशासकीय अभ्यागतांच्या जागा भरलेल्या आहेत की रिकाम्या. कोणत्या तुरुंगाविषयी, ते मुलाला दिलेल्या शब्दामुळे येथेही लिहीत नाही. जागा रिकाम्या असतील तर आपले नाव घालावे, असा आमचा विचार आहे. वय आडवे आले तर फडातला कोणी तरुण घालील. अर्ज पोचल्याची पावती मिळाली. तीस दिवसांची मुदत आहे, ती वारीच्या वाटेवरच पुरी होते.